दोन ओळींत बसेल एवढं

टाचणीने फोन ताईच्या नाकासमोर धरला तेव्हा ताईच्या तोंडात घास होता, आणि तो पुढे बराच वेळ तसाच राहिला. वाक्य आपलं आहे हे तिला त्याचा अर्थ लागायच्या आधी कळलं. चपलांच्या ढिगात आपली जोडी ओळखू येते ती पट्ट्यावरून नव्हे, झिजेवरून, तसं. ‘घरी नेलं. आत शिरताच दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मी बाहेर कशी पडले ते माझं मला माहीत.’ वर फोटो. निळ्या कामाच्या शर्टातला, हसताना एक डोळा जरा बारीक होणारा लिफ्टवाला. फोटोही तेव्हा ताईनेच चढवला होता. टाचणी खुर्चीत एक पाय दुमडून बसली होती आणि तिचे डोळे ‘वाचलंस ना, वाचलंस ना’ म्हणून विचारत होते. ती दिसायला काडीसारखी आणि बोलायला टोकदार, म्हणून ऑफिसने तिचं खरं नाव कधीच खुंटीला टांगून ठेवलं होतं.

“लिफ्ट दुरुस्त करतो म्हणाला होता,” टाचणी सांगू लागली. “दोन आठवडे बोलत होते मी याच्याशी. बोलायला इतका बरा गं. शनिवारी भेटायचं ठरत होतं. म्हटलं, जायच्या आधी एकदा ॲपवर बघून घ्यावं, आणि बघ काय निघालं. वाचले मी, ताई.”

“मग काय केलंस?”

“काय करणार? ब्लॉक केला. आणि ‘खरं आहे’ दाबलं.”

“पण तू तर त्याला भेटलीही नाहीस.”

“म्हणून काय झालं? कुठली बाई असलं खोटं लिहील?” टाचणीने फोन परत स्वतःकडे वळवला आणि पुन्हा वाचला, या वेळी कौतुकाने. “आणि लिहिलंय काय! अंगावर काटा आला माझ्या. कमी शब्दांत किती काय काय. तूच लिहिल्यासारखं वाटतं, खरंच.”

मग ती हसली, आपल्याच विनोदाला, आणि डब्यातला शेवटचा तुकडा तोंडात टाकून हात धुवायला गेली.

ते ॲप बायकांचं होतं. पुरुषांना आत शिरायला बंदी. कुणाला भेटायला जायच्या आधी त्याचा फोटो टाकायचा, आणि आधी कुणा बाईने त्याच्याबद्दल काही लिहून ठेवलं असेल तर ते वाचायचं. लिहिणारीचं नाव नाही की गाव नाही. खाली दोन बटणं, ‘खरं आहे’ आणि ‘माहीत नाही’. ‘खोटं आहे’ असं बटणच कुणी ठेवलं नव्हतं, आणि का ठेवलं नाही हे कुठल्याही बाईला समजावून सांगायची गरज नव्हती. तिलाही तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता टाचणीच्या खुर्चीवर उघडा पडलेला फोन काळा व्हायच्या आत तिने पाहिलं, तिच्या त्या मजकुराखाली ‘खरं आहे’ म्हणणाऱ्यांची रांग लागली होती. कोण होत्या या? कुणाला काय ठाऊक होतं? एकीने लिहिलं होतं, ‘माझ्या मैत्रिणीलाही असाच अनुभव.’ दुसरी म्हणत होती, ‘डोळ्यांवरूनच कळतं.’ तिसरीने लिहिलं होतं, ‘हा आमच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्तीला येतो. तो आला की मी आता दार लावून घेते.’ तिने घास एकदाचा गिळला.

हात पुसत टाचणी परत आली तेव्हा ताईने उगाच कानावर हेडफोन चढवला आणि पुन्हा काढला. “काही कारणही असू शकतं,” ती म्हणाली.

“कशाला?”

“कुलूप लावायला. म्हणजे घरात कुणी आजारी वगैरे असेल.”

टाचणीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं आपण ओळखीच्या दुकानदाराने वजनात मारल्यावर पाहतो. “ताई, कारणं सगळ्यांकडे असतात. माझ्यावाल्याकडे तर कारणांचं दुकान होतं. कामाचा ताण आहे, डोकं दुखतंय, तूच चिडवलंस. आता तू पण सुरू करू नकोस हं.”

ती कामाकडे वळली. समोरच्या पडद्यावर एक म्हातारा नट तोंड उघडून थांबला होता. दुपारभर त्याच्या तोंडाखाली शब्द भरायचे होते. दोघींचं काम तेच, सबटायटल लिहायचं. माणूस पडद्यावर बोलतो भाराभर, आणि खाली जागा असते मुठीएवढी. दोन ओळी. त्यात जे बसेल तेच वाचणाऱ्याने त्या माणसाचं बोलणं म्हणून धरायचं. हे काम तिच्या हातात पहिल्यापासून होतं. कुठला शब्द गेला तरी चालेल हे तिला जिभेवर कळायचं, मीठ कळावं तसं. आणि टाचणी नवी आली तेव्हा तिला पहिला नियम तिनेच शिकवला होता, की सगळ्यात आधी कारणं उडवायची. माणूस का रडतोय, का ओरडतोय, ते चित्रात दिसतं. चेहरा सांगतो, मागचं घर सांगतं, बाजूला उभी असलेली बायको सांगते. आपण फक्त काय झालं तेवढं ठेवायचं. टाचणीने तो नियम वहीत लिहून खाली रेघ मारली होती. चांगला नियम होता. त्याच्या जोरावर तिने किती सिनेमे तारले होते. फक्त ॲपवर चित्र नव्हतं, हे तो मजकूर लिहिला त्या दिवशी तिच्या लक्षात आलं नाही. असं ती वर्षभर स्वतःला सांगत आली होती, की लक्षात आलं नाही, सवयीचा हात, सवयीने चालला. आणि जागा तरी कुठे होती.

ती पहिल्यांदा लिफ्टवाल्याच्या घरी गेली तेव्हा त्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती. त्याला इतकी लाज वाटली होती की प्रत्येक मजल्यावर तो थांबून खुलासा करत होता, की इथलं काम आपल्या कंपनीकडे नाही, आपल्याकडे असतं तर असं झालं नसतं. शेजारपाजारचे त्याला चिडवायचे म्हणे, की न्हाव्याच्याच डोक्यावर जटा. ती हसून हसून दमली होती, जिने चढून नव्हे. चार-पाच वेळा बाहेर भेटून झालं होतं, आणि आता घरी चहा, एवढंच. दार उघडलं, ती आत गेली, आणि मागे कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज झाला. मानेच्या मागून एक गार रेघ खाली उतरत गेली. तो क्षण खरा होता. त्या क्षणाला ती घाबरली होती हे कुणीही नाकारू शकणार नाही, देवसुद्धा नाही. तिने वळून पाहिलं तेव्हा तो किल्ली खिशात टाकत होता, आणि तिचा चेहरा पाहताच त्याचा स्वतःचाच चेहरा पडला. “अगं, सॉरी, सॉरी,” तो म्हणाला. “आधी सांगायला हवं होतं मी. बाबा. त्यांना आता काही लक्षात राहत नाही. दार उघडं दिसलं की निघतात ड्युटीवर. मागे एकदा पार दुसऱ्या टोकाला सापडले होते.” आणि किल्ली खिशातून काढून त्याने टेबलावर ठेवली. तिच्या कपाच्या शेजारी. ती चहा पीत होती तेवढा वेळ किल्ली तिथेच पडली होती, हात लांब केला तर बोटांना लागेल इतक्या जवळ.

मग वडील बाहेर आले. बूट घातलेले, केसांना पाणी लावलेलं. जन्मभर बस चालवली होती त्यांनी. “गाडी लागली का?” त्यांनी तिलाच विचारलं, जणू ती वाहतूक खात्यातून आली आहे. लिफ्टवाला उठायला लागला, पण ती पटकन म्हणाली, “अजून वेळ आहे, काका. चहा घ्या तोवर.” आणि ते बसले. इतके सरळ बसले की दोघांना हसू आवरेना. तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं ते पाहणं ती पुढे कित्येक दिवस अंगावर घेऊन फिरत होती. एखाद्या घरात आपली जागा आधीच ठेवलेली असावी आणि आपल्याला ती आज दिसावी, तसं तिला झालं होतं. निघताना त्याने तिलाच कुलूप काढायला सांगितलं, आणि स्टँडपर्यंत सोडायला आला तो वडिलांना हाताला धरून. तिघं रांगेत चालले होते, रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल सासरे, मुलगा, सून. तिलाही वाटलंच की.

आणि मग त्याचा फोन. चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलत होता, अडकलेल्या माणसांशी बोलायची सवय होती ना त्याला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आधी तारा-बिरा बघायच्या नसतात, आधी आतल्या माणसाशी बोलायचं, असं तो सांगायचा. आवाज ऐकू आला की माणूस निम्मा सुटतो. तसंच तो तिच्याशी बोलला. “मला तुला वेळ देता येणार नाही. आज तुला बाबांचं कौतुक वाटतंय. पण रोजचं झालं की एक दिवस तू त्यांचा राग करायला लागशील. आणि ते मला बघवणार नाही.” ती ‘बरं’ म्हणाली. ठेवते म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला कुणाचा तरी भयंकर राग आला आणि तो ठेवायला कुठे जागाच सापडेना. आजारी म्हाताऱ्यावर रागवायचं? बापाला सांभाळणाऱ्या मुलावर? माणूस वाईट असता तर ती त्याला शिव्या घालून मोकळी झाली असती. त्याचा चांगुलपणाच तिला टोचत होता. आणि सगळ्यात टोचलं ते हे, की त्याने आधीच ठरवून टाकलं होतं की ती पुढे वाईट होणार. न पाहताच. तिचं पुढचं सगळं आयुष्य त्याने एका वाक्यात लिहून टाकलं होतं, आणि त्या वाक्यात ती वाईट होती.

त्यानंतर काही दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात चमचा धरून तिने ते लिहिलं. मोठं काही ठरवून नाही. आधी बरंच लिहिलं होतं, बाबांचंसुद्धा, टेबलावरच्या किल्लीचंसुद्धा. लिहिता लिहिता खालचा आकडा तांबडा झाला, मजकूर लांबला म्हणून. मग ती कापायला लागली. कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बूट गेले, चहा गेला, स्टँड गेला, कारण गेलं. उरलं ते वाचून तिला एक विचित्र समाधान वाटलं, चांगलं सबटायटल जमलं की वाटतं तेवढंच, त्याच जातीचं. शेवटचं वाक्य तिने नंतर जोडलं. ‘मी बाहेर कशी पडले ते माझं मला माहीत.’ खोटं काय होतं त्यात? एक शब्द खोटा नव्हता. बाहेर ती हसत पडली होती, आणि ते तिचं तिलाच माहीत होतं. पाठवलं, आणि चमचा पुन्हा भातात घातला.

टाचणीने ते दाखवलं त्या संध्याकाळी बसच्या खिडकीशी बसून ती ते सगळं काढून टाकायचं बटण शोधत होती. सापडलंही. पण त्या ॲपवर मजकूर काढला की त्या जागी ‘लिहिणारीने मजकूर काढून घेतला’ अशी पाटी उरते, आणि ती पाटी पाहून बायका काय म्हणतात ते तिने किती वेळा वाचलं होतं. धमकावलं असणार बिचारीला. घरी जाऊन गाठलं असणार. म्हणजे काढून टाकलं की तो सुटणार नाही, आणखी अडकेल. तिने बोट मागे घेतलं. आपलं पाप इतकं नीट जमलं आहे की मागे घ्यायलाही फट ठेवलेली नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, “गाडी लागते का हो?” ती नाही म्हणाली.

आणि टाचणी. टाचणी या नोकरीत आली ती गालावर पावडरचा जाड थर घेऊन. त्याखाली काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं आणि विचारत कुणी नव्हतं. घरचे तिला म्हणाले होते, वाढवू नकोस. ओळखीचे म्हणाले होते, दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. त्या मारणाऱ्या माणसाचं टाचणीने ॲपवर लिहिलं, आणि कुठल्या कुठल्या अनोळखी बायकांनी ‘खरं आहे’ दाबलं. कुणी पुरावा मागितला नाही, कुणी कारण विचारलं नाही. “त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले, ताई,” टाचणीने सांगितलं होतं. टाचणीसाठी ते बटण ताईनेही दाबलं होतं, पावडरच्या खालचं काही न विचारता. तेव्हा ती किती नीट वागली होती! आता तिला वाटलं, ज्या विहिरीवर ती पोरगी जगली त्याच विहिरीत आपण उष्टं भांडं बुडवलं. उद्या उठून आपण टाचणीला सांगितलं, की ते मी लिहिलं आणि अर्धंच लिहिलं, तर ती आपल्यावर चिडेल, ते सोसता येईल. पण त्यानंतर कुणी टाचणीचं लिहिलेलं वाचलं, की टाचणीच्याच मनात येईल, यालाही असंच कुणी अर्धं म्हणेल. ते कसं सोसायचं? घरी पोचेपर्यंत तिने हा हिशोब उलटसुलट करून पाहिला आणि प्रत्येक वेळी लक्षात आलं की ती टाचणीची काळजी करत नाही आहे, ती गप्प राहायला सबब शोधते आहे. सबबी शोधण्यात आपण कुणाला हार जाणार नाही, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

पुढचे काही दिवस कामात हात चालेना. म्हाताऱ्या नटाचं एक वाक्य होतं, ‘मी तुला सोडून गेलो कारण मला वाटलं तू माझ्याशिवाय सुखी होशील.’ तिने सवयीने लिहिलं, ‘मी तुला सोडून गेलो.’ मग पुसलं. मग पुन्हा लिहिलं. टाचणीने वाकून पाहिलं आणि म्हणाली, “आहे ते बरोबर आहे की गं. चेहऱ्यावर दिसतंय ना कारण.” “नाही दिसत,” ती इतक्या जोरात म्हणाली की टाचणीने हेडफोन काढला. “ताई, तुला बरं नाहीये का?” तिने मान हलवली. बरं नव्हतंच, पण त्याला औषध कुठल्या दुकानात मिळतं ते तिला माहीत नव्हतं. त्याच दुपारी तिने लिफ्टवाल्याचा जुना नंबर काढून लिहिलं, ‘बाबा कसे आहेत?’ उत्तर येणार नाही अशी तिची जवळजवळ खात्री होती, आणि तीच तिला हवी होती. उत्तर लगेच आलं. ‘आहेत. तुझी आठवण काढतात असं म्हणालो तर खोटं होईल. पण ये की.’

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती गेली. लिफ्ट आता चालत होती. त्याने दार उघडलं, तिला आत घेतलं, आणि दार तसंच सताड उघडं ठेवून कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली. ती उंबऱ्यात आडवी टाकली आणि तिच्यावर पाठ जिन्याकडे करून बसला. तिला काही कळेना. समोरच्या घरातला माणूस पिशवी घेऊन बाहेर पडला आणि जाता जाता म्हणाला, “काय, आज पण पहारा?” “चालू आहे,” हा म्हणाला. हसला. तोच एक डोळा बारीक झाला. तो वाळला होता. शर्ट निळाच होता, पण बाहीला काळं ग्रीस माखलेलं, जे पूर्वी नसायचं.

“असा का बसलास?” तिने विचारलं. तिचा आवाज तिला परका वाटला.

“घरात कुणी आलं असलं की हल्ली दार लावत नाही मी. लोकांना भीती वाटते.” तो सहज बोलत होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. “तुला माहीत नसेल. बायकांचं एक ॲप आहे, त्याच्यावर कुणीतरी माझ्याबद्दल लिहिलंय. साहेबांनीच फोनवर त्याचा स्क्रीनशॉट दाखवला. एका सोसायटीने कळवलं होतं, हा माणूस पाठवू नका. मग त्यांनी मला वर्कशॉपला घेतलं. आता चाकांना ग्रीस लावतो. बरंय, पगार तोच आहे. फक्त कुणाशी बोलायला मिळत नाही.”

आतून वडील आले. तेच बूट, पण केस विस्कटलेले, आणि त्यांनी आता गाडीचं विचारलं नाही. ते सरळ दाराकडे आले, खुर्चीपाशी थांबले आणि मुलाच्या डोक्यावरून जिन्याकडे बघत राहिले. “बसा, बाबा,” तो म्हणाला आणि एक हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवला. ते बसले नाहीत. गेलेही नाहीत.

“आणि यांना दिवसा कोण बघतं?”

“एक मावशी येत होत्या. त्यांच्या मुलीने वाचलं ते. दुसऱ्या दिवसापासून नाही आल्या. आता निम्मा दिवस शेजारचे बघतात, उरलेलं काम मी रात्री ते झोपल्यावर करतो.” मग तिचा चेहरा पाहून त्याने घाईने सांगितलं, “नाही, जिने लिहिलं तिचं चुकलं असं नाही म्हणत मी. तिने लिहिलंय ते खरंच आहे. मी वाचलं ना. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. अक्षर न् अक्षर खरं. माझंच चुकलं. अडकलेल्या माणसाशी आधी बोलायचं, हे दुसऱ्यांना शिकवत फिरतो आणि घरात विसरलो.”

तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला.

“तुझ्या आधी एक भेटली होती मला,” तो पुढे म्हणाला. “एकदाच आली होती घरी, लगेच गेली. तीच असणार. तू आलीस तेव्हा तुझा चेहरा बघून मी ताबडतोब सांगितलं होतं, ते आठवतंय मला. तिला सांगायचं राहून गेलं असणार. मी तिला फोन केला, माफी मागितली. ती म्हणाली, कसली माफी? कळू पण दिलं नाही गं तिने. मोठ्या मनाची आहे.”

वडिलांनी एक पाय उचलून खुर्चीच्या पलीकडे टाकायचा प्रयत्न केला आणि त्याने तो हळूच धरून परत खाली ठेवला, बोलता बोलता, जणू हे बोलण्याचाच भाग आहे. तिला वाटलं उठावं आणि पळत सुटावं. पण बाहेर जायचं तर त्याच्या खुर्चीवरूनच जावं लागलं असतं. आणि एका क्षणाला, अगदी एकाच, तिला त्याचा पुन्हा तोच जुना राग आला. हा माणूस एकदा तरी ओरडत का नाही? एकदा तरी कुणाला दोष का देत नाही, म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरचं ओझं जरा हलकं होईल? मग तो राग गेला आणि त्याच्या खाली जे होतं ते उघडं पडलं. एक दिवस तू वाईट होशील, असं तो म्हणाला होता. तिने त्याला फार वाट पाहायला लावली नव्हती.

“एक विचारू?” तो म्हणाला. आता पहिल्यांदा तो अवघडला. “पुरुषांना त्या ॲपवर जाता येत नाही म्हणे. तुझं तर कामच ते आहे, थोडक्यात लिहायचं. माझ्यासाठी लिहशील? तिच्या विरोधात काही नको. फक्त बाबांचं. जागा कमी असते म्हणतात, तेवढ्यात बसेल का ते तूच बघ.”

तिने पर्समधून फोन काढला. नवीन मजकूर लिहायचं बटण पडद्याच्या वरच्या बाजूला होतं, मोठं, रंगीत. ते दाबून एक परकी बाई म्हणून त्याच्या बाजूने चार चांगले शब्द लिहिता आले असते. त्याचं कामही झालं असतं, आणि तो जन्मभर तिचा आभारी राहिला असता. बोट त्या बटणावर जाऊन थांबलंही. मग तिने ते खाली सरकवलं, त्याच्या फोटोपर्यंत, फोटोखालच्या त्या ओळींपर्यंत, आणि तिथे दाबलं. ज्या बाईने लिहिलं असेल तिलाच त्या ओळींच्या टोकाला पेन्सिलीचं छोटं चित्र दिसतं. चौकट उघडली. जुन्या शब्दांच्या शेवटी रेघ लुकलुकायला लागली.

तिने लिहिलं, ‘त्याच्या वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. दार उघडं दिसलं की ते निघून जातात. किल्ली नंतर माझ्या हाताशी टेबलावर ठेवली होती.’ खालचा आकडा तांबडा झाला नाही. चौकटीत अजून बरीच पांढरी जागा शिल्लक होती. तेव्हाही होती. तेव्हाही, सगळं कापून झाल्यावर, ती तेवढीच पांढरी जागा समोर पडली होती आणि तिने ती पाहिली होती. खाली बारीक अक्षरात सूचना होती, की बदल केला तर ज्यांनी ज्यांनी ‘खरं आहे’ म्हटलं त्या सगळ्यांना कळवलं जाईल. म्हणजे टाचणीलाही. उद्या डबा उघडताना टाचणी ते वाचून दाखवेल, आणि आपल्याला तिच्याकडे बघून बोलावं लागेल. तिने पाठवलं.

“झालं?” त्याने विचारलं. “बसलं?”

तिने फोन त्याच्याकडे दिला. वडिलांचं मनगट एका हातात तसंच धरून त्याने दुसऱ्या हाताने तो घेतला आणि वाचायला लागला. आधी तिचे नवे शब्द, मग वरचे जुने, मग पुन्हा नवे. दोन्ही एकाच चौकटीत होते आणि टोकाला ती पेन्सिल होती. त्याने पडदा बोटाने वर-खाली केला. असं होत असेल, कुठल्यातरी कारणाने असं एकत्र दिसत असेल, ते तो शोधत होता. तिच्यासाठी शोधत होता. तिला ते दिसत होतं. मग त्याचं बोट थांबलं.

“पण तुला तर मी सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “लगेच सांगितलं होतंस.”